हेक्टरी मदतीचा हिशेब : पंचनामा ते बँक खाते

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा आणि गोदावरीच्या पाण्याने मराठवाडा व सोलापूर परिसरातील खरीप पिके गिळली. त्यानंतर ७ ऑक्टोबर रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले. आकडा मोठा होता. तथापि, या रकमेत केवळ पिकांची मदत नव्हती. रस्ते, पूल, वीज यांसारख्या पायाभूत सुविधांच्या दुरुस्तीचे सुमारे १०,००० कोटी, पीकविम्यापोटी अपेक्षित असलेली रक्कम, रब्बीच्या बियाण्यांसाठीचे साह्य, पडलेली घरे, वाहून गेलेली जनावरे, गाळाने भरलेल्या विहिरी असे सारे काही त्यात एकत्र मोजले होते. चावडीवर बसलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न मात्र वेगळाच असतो. आपल्या सातबाऱ्यावरील क्षेत्राला हेक्टरी किती मिळणार, आणि ते कोणत्या नियमाने? या प्रश्नाचे उत्तर दर वर्षी थोडे बदलते. त्यामागची रचना मात्र बरीचशी कायम असते. ती समजून घेतल्याखेरीज कोणत्याही पॅकेजचा अर्थ लागत नाही.

मदत, भरपाई नव्हे

बोलीभाषेत आपण सर्रास 'नुकसानभरपाई' म्हणतो. शासकीय कागदात हा शब्द जपून वापरला जातो, आणि त्याला कारण आहे. केंद्र सरकारच्या निकषांनुसार नैसर्गिक आपत्तीत शेतकऱ्याला दिली जाणारी रक्कम हे 'निविष्ठा अनुदान' होय. बुडालेल्या पिकाचे मोल चुकते करणे हा तिचा हेतू नाही. बियाणे, खते, मशागत यांसाठी हाताशी काही रक्कम यावी आणि शेतकरी पुढच्या पेरणीला उभा राहावा, एवढाच तिचा उद्देश आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने हे वेळोवेळी स्पष्ट केले आहे. त्यामुळे सोयाबीनचे एकरी उत्पन्न किती बुडाले, बाजारभाव काय होता, खर्च किती झाला होता, यांपैकी कोणतीही गोष्ट मदतीच्या हिशेबात येत नाही. हिशेबात येते ते फक्त क्षेत्र आणि पिकाचा प्रकार.

नुकसानीच्या प्रमाणात पैसे मिळण्याची सोय पीकविम्यात आहे. तो कारभार स्वतंत्र असून, हप्ता भरलेल्यांपुरताच मर्यादित आहे. राज्याने २०२३ पासून चालवलेली एक रुपयात पीकविम्याची योजना २०२५ मध्ये बंद झाली आणि खरिपासाठी विमासंरक्षित रकमेच्या २ टक्के हप्ता पुन्हा शेतकऱ्याकडे आला. विमा उतरवला असला, तरी शासकीय मदत मिळते, आणि उतरवला नसला, तरीही मिळते. दोहोंची गल्लत झाल्याने अनेक शेतकरी एका अर्जावर विसंबून दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतात.

निधी कोठून येतो

दुष्काळात सरकारने पैसा पुरवण्याची पद्धत ब्रिटिश काळापासूनची आहे. त्या वेळी ती मुख्यत्वे तगाईच्या रूपाने, म्हणजे कर्जाऊ होती. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तिला चौकट दिली. स्वातंत्र्यानंतरही आपत्तीचा खर्च कोणी किती सोसायचा, यावर केंद्र व राज्ये यांच्यात दर वेळी नव्याने घासाघीस चाले. नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून १९९० मध्ये आपत्ती निवारण निधी अस्तित्वात आला आणि प्रत्येक राज्याच्या हाती दर वर्षी ठरावीक रक्कम आधीच ठेवण्याची पद्धत रूढ झाली. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ मध्ये झाला. त्यानुसार २०१० मध्ये या जुन्या निधीचे रूपांतर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत आणि केंद्रातील निधीचे रूपांतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीत झाले. बातम्यांतून सतत कानावर पडणारी 'एसडीआरएफ' व 'एनडीआरएफ' ही नावे ती हीच. (पुरात बोटी घेऊन येणारे दलही एनडीआरएफच. नाव एक, गोष्टी दोन.)

राज्याच्या निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. हिमालयीन व ईशान्येकडील राज्यांसाठी हे प्रमाण ९० व १० टक्के आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांत, देशातील सर्व राज्यांत सर्वांत मोठी तरतूद महाराष्ट्राच्या वाट्याला आली होती. हा निधी हाताशीच असल्याने तो वापरण्यास दिल्लीची परवानगी लागत नाही. केवळ निकष पाळावे लागतात.

आपत्ती 'तीव्र स्वरूपाची' असेल आणि राज्याचा निधी पुरणार नसेल, तरच राष्ट्रीय निधीचे दार ठोठावता येते. त्यासाठी राज्याने सविस्तर निवेदन द्यायचे, मग आंतरमंत्रालयीन केंद्रीय पथकाने पाहणी करायची, त्याचा अहवाल राष्ट्रीय कार्यकारी समितीच्या उपसमितीपुढे जायचा आणि अखेर केंद्रीय गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने मंजुरी द्यायची, असा हा प्रवास आहे. मंजूर रकमेतून राज्याच्या निधीतील शिल्लक विशिष्ट प्रमाणात वजाही होते. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीची पाहणी करण्यासाठी केंद्रीय पथक मराठवाड्यात आले ते डिसेंबरमध्ये. सडलेले सोयाबीन उपटून रब्बीची पेरणी उरकलेल्या रानात पथकाने नेमके काय पाहायचे, हा प्रश्न त्या वेळी गावोगावी विचारला गेला, आणि तो गैर नव्हता. २०१८ च्या खरीप दुष्काळात राज्याने ऑक्टोबरअखेर १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले होते. केंद्राने ४,७१४ कोटी रुपयांची मदत मंजूर केली ती जानेवारी २०१९ च्या अखेरीस.

राष्ट्रीय निकषांत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे, हिमस्खलन, ढगफुटी, कीडरोगाचा हल्ला आणि कडाक्याची थंडी या १२ आपत्ती येतात. महाराष्ट्रात ज्या कारणाने वारंवार पीक जाते तो अवेळी पाऊस या यादीत नाही. वीज पडणेही नाही. राज्य सरकारने अवेळी पाऊस, वीज, समुद्राचे उधाण आणि आकस्मिक आग यांना आपल्या स्तरावर आपत्ती मानले आहे.

दर कसे ठरतात

२०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीसाठी केंद्राने ठरवलेले दर असे होते : जिरायत पिकांसाठी हेक्टरी ८,५०० रुपये, आश्वासित सिंचनाखालील पिकांसाठी १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकांसाठी, म्हणजे मुख्यत्वे फळबागांसाठी, २२,५०० रुपये. मर्यादा शेतकऱ्यामागे दोन हेक्टर. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असले पाहिजे. अगदी छोट्या तुकड्यासाठीही जिरायतीला किमान १,०००, बागायतीला २,००० आणि फळपिकाला २,५०० रुपये द्यावे लागत. त्याआधीच्या पाच वर्षांत हेच दर अनुक्रमे ६,८००, १३,५०० आणि १८,००० रुपये होते.

हेक्टराचा हिशेब एकरात मांडला, तर चित्र अधिक स्पष्ट होते. ८,५०० रुपये हेक्टरी म्हणजे एकरी सुमारे ३,४४० रुपये. गुंठ्याला ८५ रुपयांच्या आसपास.

३३ टक्क्यांची अट एप्रिल २०१५ पासूनची आहे. त्यापूर्वी किमान ५० टक्के नुकसान दाखवावे लागे. हा बदल शेतकऱ्याच्या हिताचा होता, यात शंका नाही. मात्र ३३ टक्के ही पात्रतेची रेषा असून, मोजमापाची पट्टी नव्हे. ३५ टक्के पीक गेलेल्याला आणि सगळे रान वाहून गेलेल्याला हेक्टरी दर एकच. उलट, ३० टक्के गेलेल्याच्या हाती काहीच येत नाही. म्हणूनच पंचनाम्यातील 'टक्का' या एका रकान्यावरून बांधावर वाद होतात.

केंद्राचे दर ही तळाची रेषा झाली. तिच्यावर स्वतःच्या तिजोरीतून भर घालण्यास राज्याला मोकळीक असते आणि महाराष्ट्रातील प्रत्येक सरकारने ती वापरली आहे. ही भर कोणत्याही स्थायी नियमाने बांधलेली नाही. ती त्या त्या वर्षीच्या मंत्रिमंडळ निर्णयावर आणि, स्पष्ट बोलायचे तर, त्या त्या वेळच्या राजकीय निकडीवर ठरते. मार्च २०१४ च्या गारपिटीनंतर जिरायतीला १०,०००, बागायतीला १५,००० आणि फळबागांना २५,००० रुपये हेक्टरी देण्याचा निर्णय झाला होता. ऑगस्ट २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात कर्जदार शेतकऱ्यांचे एक हेक्टरपर्यंतचे पीककर्ज माफ करण्याचे, तर कर्ज नसलेल्यांना नेहमीच्या दराच्या तिप्पट देण्याचे ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपती राजवट असताना राज्यपालांनी खरीप पिकांना ८,००० आणि बागांना १८,००० रुपये जाहीर केले. ऑक्टोबर २०२० मध्ये जिरायत-बागायत सरसकट १०,००० आणि फळपिकांना २५,००० रुपये झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये १०,०००, १५,००० व २५,००० रुपये, म्हणजे सात वर्षांपूर्वीच्या गारपिटीचेच आकडे पुन्हा आले. दरम्यानच्या काळात डिझेल, मजुरी आणि खते कोठे पोहोचली होती, हे सांगण्याची गरज नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये तेव्हाचे केंद्रीय दर दुप्पट करून १३,६००, २७,००० व ३६,००० रुपये आणि मर्यादा तीन हेक्टर करण्यात आली. मे २०२५ मध्ये हा वाढीव दर मागे घेऊन राज्य पुन्हा केंद्राच्या दरांवर आणि दोन हेक्टरांवर आले. त्याच वर्षीच्या पावसाने हा निर्णय फार काळ टिकू दिला नाही. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजात मर्यादा पुन्हा तीन हेक्टर झाली आणि केंद्राच्या दरावर रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी १०,००० रुपयांची भर पडली. त्यामुळे जिरायतीला १८,५००, हंगामी बागायतीला २७,००० आणि फळबागांना ३२,५०० रुपये असा एकत्रित आकडा झाला.

एकच शेत धरून पाहू. सातबाऱ्यावर १ हेक्टर ६० आर जिरायत क्षेत्र आहे आणि सगळे सोयाबीन गेले आहे. या शेतकऱ्याला २०१९ च्या दराने १२,८०० रुपये मिळाले असते, २०२१ च्या दराने १६,०००, २०२२ च्या दराने २१,७६०, मे २०२५ मधील दराने १३,६०० आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील घोषणेनुसार २९,६०० रुपये. शेत तेच, पीक तेच, नुकसानही तेच. बदलले ते केवळ वर्ष.

पाऊस मोजण्याची अडचण

मदतीसाठी 'अतिवृष्टी' म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस. प्रत्येक मंडळातील पर्जन्यमापकाची नोंद प्रमाण मानली जाते. मंडळात अनेक गावे असतात, आणि पाऊस काही गावांच्या शिवेवर थांबत वा सुरू होत नाही. केंद्र असलेल्या गावात ४० मिलिमीटर झाला आणि आठ किलोमीटरवरच्या गावात ढग फुटला, तरी कागदावर ते मंडळ कोरडेच राहते. पुराच्या पाण्याने पीक बुडाले असल्यास ही अट आड येत नाही. केवळ पावसाने सडलेल्या पिकांना ती भोवते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने ही अट बाजूला ठेवून नुकसान झालेली सर्व मंडळे पात्र धरली.

त्याहून अवघड प्रश्न रिपरिपीचा. दहा-बारा दिवस रोज थोडा थोडा पाऊस पडत राहिला, तर एकाही दिवशी ६५ मिलिमीटरचा आकडा गाठला जात नाही. कपाशीची बोंडे मात्र काळी पडतात आणि सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटतात. राज्य मंत्रिमंडळाने ५ एप्रिल २०२३ रोजी 'सततचा पाऊस' ही स्वतंत्र आपत्ती मानली. सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर पाऊस ही त्यातील मूळ कसोटी. जोडीला त्या काळातील सरासरीशी तुलना आणि उपग्रहावरून मिळणाऱ्या वनस्पती निर्देशांकाची पडताळणी आहे. उपग्रहाला दिसणारी हिरवाई आणि शेतकऱ्याला हवे असलेले पीक या दोन गोष्टी भिन्न असू शकतात, हे तणाने माजलेले रान पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असते.

कोकणाचे हेक्टर

हेक्टरी दराची सर्वांत मोठी अडचण कोकणात उघडी पडली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग आणि रत्नागिरीतील दापोली, मंडणगड या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. सरकारने बागांसाठी हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर केले. ऐकायला ही रक्कम भरीव वाटते. परंतु कोकणातील वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. घरामागे पाच गुंठे, तीही भावाभावांत सामाईक. पाच गुंठ्यांचे झाले २,५०० रुपये. तेवढ्यात आडवा पडलेला एखादा माड तोडून, ओढून बाजूला करण्याची मजुरीदेखील पुरी पडत नव्हती.

दुसरे असे, की या वाडीत एकच पीक नसते. माडाच्या सावलीत पोफळ, पोफळीवर मिरवेल, मधल्या जागेत जायफळ आणि केळ अशी मजल्यामजल्यांची लागवड असते. क्षेत्र एकदाच मोजले, की बाकीचे मजले हिशेबातून गळतात. शिवाय भातशेतकऱ्याचे एक हंगाम जाते. पोफळीची बाग गेली, की नवी लागवड उत्पन्नाला येईपर्यंत वर्षे जातात. बागायतदारांच्या मागणीनंतर सरकारने झाडनिहाय मदतीचा पर्याय दिला : नारळाच्या झाडाला २५० रुपये आणि पोफळीला ५० रुपये. मोजण्याची पद्धत सुधारली, रक्कम तुटपुंजीच राहिली. तरीही, हेक्टर हे परिमाण सर्वत्र लागू पडत नाही, ही गोष्ट शासकीय आदेशात मान्य झाली, हे त्यातले महत्त्वाचे.

जमीनच वाहून गेली, तर

पीक गेले, तर पुढच्या हंगामात पुन्हा येते. माती गेली, तर शेतच संपते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत यासाठी दोन वेगळे दर होते. शेतात तीन इंचांहून जास्त वाळू किंवा गाळ साचला असेल, तर तो काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये. आणि दरड कोसळून अथवा नदीने पात्र बदलून जमिनीचा मोठा भाग खरडून गेला असेल, तर हेक्टरी ४७,००० रुपये. दुसरी मदत केवळ अल्प व अत्यल्प भूधारकांना, म्हणजे दोन हेक्टरांपर्यंत जमीन असणाऱ्यांना मिळे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनाकाठच्या अनेक शिवारांत काळी माती जाऊन खालचा मुरूम उघडा पडला. तेथे पुन्हा गाळमाती आणून पसरायची, तर एकरी शेकडो ट्रॉल्या लागतात. ४७,००० रुपयांत ते होणारे नव्हते. म्हणून त्या पॅकेजात रोजगार हमीच्या कामांतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतची जोड देण्यात आली. रोख ४७,००० खात्यात आणि उरलेले कामाच्या रूपाने, अशी ही विभागणी होती. 'हेक्टरी साडेतीन लाख' एवढेच ऐकलेल्या शेतकऱ्याला हा फरक बहुधा नंतर कळला. गाळाने बुजलेल्या विहिरीसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये ठरले. केंद्राच्या निकषांत विहिरींना जागाच नसल्याने ही मदत राज्याने आपल्या पदरची दिली.

गोठा आणि वाडा

जनावरांची मदत नगाप्रमाणे असते. २०२२ ते २०२६ च्या निकषांत दुभती गाय वा म्हैस ३७,५०० रुपये, ओढकाम करणारा बैल ३२,०००, वासरू, गाढव, शिंगरू २०,०००, शेळी-मेंढी ४,००० आणि कोंबडी १०० रुपये असे दर होते. कुटुंबामागे तीन मोठी दुभती जनावरे किंवा ३० लहान जनावरे, तर कोंबड्यांसाठी एकूण १०,००० रुपये अशी कमाल मर्यादा होती. पडलेल्या गोठ्याला ३,००० रुपये. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने आपल्यापुरती तीन जनावरांची मर्यादा काढून टाकली.

मर्यादेचा काच सर्वाधिक बसतो तो मेंढपाळांना. १ आणि २ डिसेंबर २०२१ रोजी पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत थंडीसह अवेळी पाऊस झाला आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर या पट्ट्यात एक हजारांहून अधिक मेंढ्या उघड्या रानात गारठून मेल्या. दीडशे-दोनशे मेंढ्यांचा वाडा बाळगणाऱ्या धनगर कुटुंबाला ३० ची मर्यादा म्हणजे ४,००० च्या दराने जास्तीत जास्त एक लाख वीस हजार रुपये. त्यापुढील मेंढ्या निकषांच्या लेखी मेल्याच नाहीत. शिवाय मेंढपाळ फिरस्ता. गाव एका तालुक्यात, वाडा बसला दुसऱ्या जिल्ह्यात, शेताचा मालक तिसराच. पंचनामा जेथे जनावर मेले तेथे होतो. कागदपत्रे मात्र मूळ गावी. वाडा दुसऱ्या दिवशी हलवावाच लागतो, कारण जिवंत मेंढ्यांना चारा हवा असतो. शवविच्छेदनासाठी पशुधन विकास अधिकारी पोहोचेपर्यंत थांबणे प्रत्येकाला जमते असे नाही.

जनावराच्या कानातील बारा अंकी बिल्ला आता या हिशेबाचा भाग झाला आहे. बिल्ल्याची नोंद नसलेल्या जनावराची आपत्तीतील मदत नाकारली जाईल, असे राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. पुरात वाहून गेलेल्या जनावराचे शव सापडत नाही, तेव्हा ही नोंद हाच त्याच्या अस्तित्वाचा मुख्य पुरावा ठरतो. बिल्ला पशुवैद्यकीय दवाखान्यात बसवून मिळतो. गोठ्यातील प्रत्येक जनावराला तो आहे ना, हे पावसाळ्यापूर्वी पाहून ठेवलेले बरे.

रोगाने मेलेली जनावरे एरवी या निकषांत बसत नाहीत. २०२२ च्या लम्पी साथीत मात्र राज्याने गायीला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये दिले. तेव्हाचे आपत्तीचेच हे दर होते. दुष्काळात जनावर मरण्याआधी ते जगवण्याचा खर्च चारा छावण्यांच्या रूपाने केला जातो. २०१९ च्या उन्हाळ्यात छावणीचालकांना मोठ्या जनावरामागे रोज १०० आणि लहानामागे ५० रुपयांपर्यंत अनुदान दिले गेले.

पंचनामा

नुकसानीचा पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी एकत्र करायचा असतो. (या तिन्ही पदांची नावे २०२४ व २०२५ मध्ये बदलून अनुक्रमे ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी अशी झाली, गावाच्या तोंडी अद्याप जुनीच आहेत.) गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र आणि नुकसानीचा टक्का नोंदवून शेतकऱ्याची सही घेतली जाते. गावाची यादी तहसीलदारांकडे, तेथून जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि मग मंत्रालयातील मदत व पुनर्वसन विभाग असा हा आकडा वर चढतो. निधीवाटपाचा शासन निर्णय निघाला, की तो याच पायऱ्यांनी खाली उतरतो.

पिकाची नोंद येथे कळीची ठरते. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद स्वतः करायची असते. सातबाऱ्यावर गेल्या वर्षीचा ऊस आणि रानात यंदाचे सोयाबीन असे असेल, तर पंचनाम्यात अडचण येते. १५ जुलै २०२५ पासून मदतीसाठी शेतकरी ओळख क्रमांकही आवश्यक करण्यात आला. ज्यांच्याकडे तो आहे त्यांना वेगळ्या ई-केवायसीची गरज उरली नाही. इतरांना तहसील वा ग्रामपंचायतीत लागलेल्या यादीतील आपला विशिष्ट क्रमांक घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात अंगठ्याची पडताळणी करावी लागत असे.

या सगळ्या व्यवस्थेत एक माणूस कोठेच नाही. तो म्हणजे दुसऱ्याची जमीन बटईने, अर्धेलीने किंवा खंडाने कसणारा. बियाणे त्याचे, मजुरी त्याची, कर्जही त्याचेच. मदत मात्र सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याच्या खात्यात. तोंडी व्यवहाराला कागद नसल्याने, मालकाने समजूतदारपणा दाखवला तरच त्याच्या हाती काही पडते. नवरा मृत्यू पावला आणि वारसाची फेरफार नोंद रखडली, अशा स्त्रियांची स्थितीही फारशी वेगळी नाही. सामाईक खातेदारांना एकमेकांचे संमतीपत्र द्यावे लागते, आणि जेथे भाऊबंदकी आहे तेथे ते मिळत नाही.

गैरव्यवहाराची बाजूही दडवण्यासारखी नाही. जालना जिल्ह्यातील अंबड व घनसावंगी तालुक्यांत २०२२ ते २०२४ या काळातील अतिवृष्टी व गारपिटीच्या अनुदानात बनावट लाभार्थी दाखवून कोट्यवधी रुपये लाटल्याचे चौकशीत पुढे आले. जमीन नसलेल्यांची नावे, एकाच व्यक्तीला दोनदा अनुदान, असलेल्या क्षेत्राहून जास्त क्षेत्र असे प्रकार त्यात होते. २०२५ मध्ये महसूल कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई होऊन गुन्हे दाखल झाले. याद्या चावडीवर लावून वाचून दाखवण्याची जुनी पद्धत पाळली गेली असती, तर गावानेच ही नावे पहिल्या दिवशी ओळखली असती.

खात्यात आल्यावर

रक्कम आधार क्रमांकावरून जमा होते, खाते क्रमांकावरून नव्हे. आधार शेवटी ज्या बँकेच्या खात्याशी जोडले असेल तेथे पैसे जातात. जिल्हा बँकेच्या पासबुकावर नोंद नाही म्हणून महिनोन् महिने वाट पाहणाऱ्याची रक्कम कधी काळी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात पडून असल्याची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात आढळतात. त्यासाठी बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडले आहे, एवढे विचारणे पुरेसे असते.

यादीत नाव नसल्यास, क्षेत्र कमी लागले असल्यास किंवा पंचनामाच झाला नसल्यास तहसीलदारांकडे लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी. अर्जासोबत सातबारा, आठ-अ, ई-पीक पाहणीची नोंद आणि तारीख दिसेल असे शेताचे छायाचित्र जोडल्यास पडताळणी सोपी जाते. मदतवाटपाच्या शासन निर्णयांत आणखी एक सूचना नेमाने असते : या रकमेतून बँकांनी कोणत्याही कर्जाची वा अन्य वसुली करू नये. एखाद्या शाखेने अशी रक्कम थकीत कर्जाकडे वळवली किंवा खाते गोठवले, तर तो शासन निर्णय दाखवून तिची परत मागणी करता येते. शाखेने दाद न दिल्यास तक्रार तहसीलदार, जिल्हाधिकारी किंवा जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे द्यावी.